काट्यावर आम्ही तिघंच होतो

आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त फ्रिजमध्ये सापडते, दाराला नाही. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. इथे लोक लिहितात ते अनुभव मी चहासोबत वाचते आणि वाचून झालं की मनात म्हणते, ‘आधी वायरिंग तपासलं होतं का यांनी?’ त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय याचं आमच्या ह्यांना भारी हसू येतंय.

मी माहेरची लातूरची, सासर नांदेडचं. मोंढ्यात आमचं अडत दुकान आहे. हळद, तूर, सोयाबीन. सौदे हे बघतात, बाकीचं सगळं मी. कुठलंही काम आधी कागदावर उतरवायचं आणि मगच हात लावायचा ही माझी पद्धत. प्रवास असेल तर विचारूच नका.

आमची मुलगी पूर्वा ऑस्ट्रेलियात, समुद्रकाठच्या गावात राहते. तिथे छोट्या विमानातून किनाऱ्याजवळची बेटं दाखवतात. मागे तिने त्याचा व्हिडिओ पाठवला होता. खाली निळंशार पाणी आणि त्यात मूठभर मूग सांडावेत तशी हिरवी बेटं... तो व्हिडिओ सगळ्यात जास्त कुणी पाहिला असेल तर आमच्या दाजींनी. दाजी म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे यजमान. नायगावजवळ त्यांची शेती. हळद घेऊन मोंढ्यात आले की पहिल्यांदा माझा मोबाईल मागायचे. “दाव की गं ते बेटं,” म्हणायचे आणि पोत्यांच्या थप्पीवर बसून बघत राहायचे. शेवटी त्यांनी आणि अक्काने पासपोर्टही काढले.

आणि मग दाजींना दुखणं लागलं. पोटाचं. धिप्पाड माणूस, बघता बघता वाळत गेला आणि गेल्या वर्षी गेलाच.

अक्काचं त्यानंतर काही खरं नव्हतं. अन्न समोर आलं की म्हणायची, “त्यांच्या पोटात कण टिकत नव्हता, मी कशी गिळू?” एकदा माझ्याजवळ बोलली, “सुमन, शेवटी शेवटी मी एकलीच त्यांना उचलून बसवायची. हातात कायच लागायचं न्हाई गं... कापूस. डोळे मिटले की तेच येतं, रिकामे हात.” डॉक्टर म्हणाले, हवापालट करा, नाहीतर ही बाईही हातची जाईल. म्हणून मीच ठरवलं की पूर्वाकडे जायचं, अक्काला घेऊन, आणि त्या विमानात बसवायचंच. व्हिसा आला, तिकिटं झाली. अक्का मात्र एकाच गोष्टीवर अडलेली.

“तुमी जाऊन या. मी न्हाई येत. त्यांच्यावाचून मी काय बघू?”

निघायला थोडे दिवस राहिले आणि पूर्वाचा फोन आला. “आई, विमान लहानसं आहे. पायलट सोडून पाच जण बसतात. सगळ्यांची वजनं आधी कळवायची. त्यावर कोण कुठे बसणार ते ठरतं. अंदाजे सांगू नकोस.”

अंदाजे! मला! घरचा काटा रोज वेगळं सांगतो, म्हणून मी दुपारी सगळ्यांना दुकानात नेलं. पोती तोलायचा मोठा इलेक्ट्रॉनिक काटा आहे आमच्याकडे, सरकारी शिक्का मारून नुकताच आणलेला. अक्का तेव्हा आमच्याकडेच होती, पण येत नव्हती. हे म्हणाले, “अक्का, यायचं का न्हाई ते मागून बघू. वजन करायला कुठं विमान लागतं?” तेव्हा उठली.

सौदे संपले होते. हमाल जेवून आडवे झालेले. शटर अर्धं खाली, आणि फटीतून आलेल्या उन्हात हळदीची धूळ तरंगत होती. दुपारी मोंढा असा झोपतो की रस्त्यावरच्या गाड्याही लांब पाण्याखालून गेल्यासारख्या ऐकू येतात. जागे होते ते फक्त आमचे मापाडी गफूरचाचा. माल मोजून देणं हे त्यांचं काम, आयुष्यभराचं.

“आज माणसं तोलायची, चाचा,” हे म्हणाले.

“तोलू की, सेठ. ओलावा किती धरायचा?”

माल ओलसर असला की वजनातून ओलावा कापतात, त्यावरचा हा मूळचा दाजींचा विनोद. प्रत्येक खेपेला माल उतरला की ते स्वतः काट्यावर उभे राहायचे आणि ओरडायचे, “बघा, माल कसा भरलाय! ओलावा कापू नका!” बरे असताना अठ्ठ्याहत्तर भरायचे, नेहमी. सगळ्या दुकानाला तो आकडा पाठ होता. चाचांच्या तोंडून निघून गेलं आणि त्यांनी जीभ चावली. अक्का ऐकून न ऐकल्यासारखी बाहेर बघत राहिली.

मी चढले तर हे म्हणतात, “पदर सोड, पोट आत घेऊ नको. पायलट नवरा न्हाई तुझा, त्याला खरं सांगावं लागतंय.” मग हे चढले. मग अक्का. एकेकाचं वजन मी लिहून घेतलं, बेरीज केली. आता माझी सवय अशी की बेरीज उलटून तपासल्याशिवाय चैन पडत नाही. म्हटलं, तिघंही एकदम उभे राहू.

मोंढ्यात मोजताना ‘एक’ म्हणत नाहीत. पहिल्याला ‘लाभ’ म्हणतात. चाचा डोळे अर्धे मिटून, रोजच्या सुरात म्हणत गेले, “लाभ... दोन... तीन...”

आम्ही तिघं उभे राहिलो. आणि पायाखालचा पाट अजून एकदा दबला. अलगद... गोदावरीच्या नावेत आपण बसलेलं असावं आणि मागून कुणीतरी पाय ठेवावा, तसा.

“चार,” चाचा म्हणाले.

“चार कोण, चाचा?” मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. “तोंडात आलं, ताई. पाट दबला म्हणून म्हणलो.”

लाल आकडा स्थिर होता आणि माझ्या बेरजेपेक्षा पुष्कळच जास्त होता. मी सगळ्यांना उतरवलं. काटा शून्यावर आला. पन्नास किलोचं पोतं ठेवून पाहिलं. बरोबर पन्नास. भिंतीला कुणी टेकलेलं नव्हतं, पाटाखाली काही अडकलेलं नव्हतं. पुन्हा चढलो. पुन्हा तेच, पाटाचं ते शेवटचं दबणंसुद्धा.

वजाबाकी मी करायच्या आत ह्यांनी तोंडी केली. “अठ्ठ्याहत्तर.”

मला भीती वाटली नाही, हे खरं सांगते. उलट खूप झोप यावी आणि कुणीतरी अंगावर पांघरूण घालावं तसं वाटत होतं. हळदीचे कण उन्हात वर-खाली होत होते, आणि कितीतरी वेळ आम्ही तसेच उभे, खूप उंचावरून खाली बघत असल्यासारखे.

मग अक्का हळूच म्हणाली, “भरले की गं परत.”

“अक्का...”

“हाडं राहिली होती नुसती. आता बघ, भरले पहिल्यासारखे.” तिने दोन्ही तळवे उघडून पाहिले, मग पदराला पुसले. रडली नाही. काट्यावरून उतरली आणि ह्यांना म्हणाली, “विलास, भूक लागली रे. भजे मिळतील का आत्ता?”

भजी आली. अक्का खात असताना मी ह्यांना आणि चाचांना घेऊन काटा परत तपासला. तिचं खाऊन झाल्यावर ती, हे आणि मी पुन्हा उभे राहिलो. आकडा तिघांचाच. त्यानंतर आजवर तिघांचाच. दुरुस्तीवाल्याला बोलावलं, त्याने काटा उघडून पाहिला आणि म्हणाला, यात काही दोष नाही. मला स्पष्टीकरण सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी काट्यांतलं जाणकार असेल तर जरूर सांगा, मी मनापासून ऐकेन.

पण विमान लहान आहे, आणि मी विश्वास ठेवो न ठेवो, आकडा मी डोळ्यांनी दोनदा पाहिला होता. पायलटला न सांगणं मला बरं वाटेना. रात्रीच्या जेवणाआधी पूर्वाला फोन लावला. आमच्या तिघांची वजनं सांगितली, तिचं तिने धरलं.

“आणि पूर्वा, पाचवी सीट आपणच घे. रिकामी राहू दे. पण तिथं अठ्ठ्याहत्तर किलो धरायला सांग.”

“रिकाम्या सीटचं वजन? आई, त्यांना काय सांगू मी?”

“सांग, सामान आहे.”

अक्का माझ्या मागेच उभी होती, हातात भाकरीचं ताट. ती म्हणाली, “सामान नको म्हणूस त्यांना, सुमन. खिडकीजवळची माग.”