बंद पाकिटातला हुकूम

रत्नागिरीचा इरशाद आखातात, मुशैरिबमधल्या एका ऑफिसात एकवीस वर्षं क्लार्क होता. त्यातली सात वर्षं ॲक्टिंग सुपरवायझर, म्हणजे काम सुपरवायझरचं आणि खुर्ची क्लार्कची. सूक वाकिफच्या बाजारात एकदा लेफ्टनंट थॉर्पचं जुनं चरित्र हाती लागलं आणि गड्याचं डोकंच फिरलं. थॉर्प तेराव्या वर्षी ब्रिटिश आरमारात शिरला, शिडाच्या जहाजातून याच आखातात पाण्याची खोली मोजत हिंडला आणि वरची जागा रिकामी व्हायची वाट बघत अठरा वर्षं लेफ्टनंटच राहिला. इरशादला वाटलं, हा तर आपला सख्खा भाऊ. फरक इतकाच, की थॉर्पने वादळं झेलली होती आणि इरशादला लुसैलच्या ट्राममध्येही मळमळायचं.

शेवटी थॉर्प कप्तान झाला, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याने नेमणुकीचा हुकूम डेकवर मोठ्याने वाचला. खलाशी उभे राहून ऐकत होते. पाऊस आला तरी तो थांबला नाही, कारण हुकूम सहीपर्यंत वाचायचाच असतो. हे पान इरशादने घरी इतक्यांदा ऐकवलं होतं, की पंधरा वर्षांची इनाया त्याने घसा खाकरताच इअरफोन घालायची. लेकीला आपण कंटाळवाणे वाटतो, हे त्याला फार लागायचं.

गुरुवारी एचआरने बंद पाकीट दिलं. नावापुरता खुर्चीवर असलेला जुना सुपरवायझर नुकताच कायमचा गावी परतला होता, तेव्हा आत काय असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. शहाण्याने ते तिथेच फोडलं असतं. इरशादने शुक्रवारी नमाजनंतर चार घरची माणसं जेवायला बोलावली, इनायाला इअरफोन काढायला लावले आणि हॉलमध्ये ताठ उभा राहून पाकीट फोडलं.

"अवो, वाचा लवकर. सांदणं थंड होतायत," बायको मुनीरा म्हणाली.

त्याने खणखणीत आवाजात सुरुवात केली. दुसऱ्या ओळीत नवा सुपरवायझर म्हणून उमैरचं नाव निघालं. उमैरला फायली लावायला इरशादनेच शिकवलं होतं. तिसऱ्या ओळीत त्याचं ॲक्टिंगही संपलं. पाहुणे ताटांकडे बघू लागले. आपल्याएवढा गाढव अख्ख्या आखातात नसेल, असं म्हणत त्याने मनातच कपाळाला हात लावला आणि कागदाची घडी घातली.

"अब्बा, डोन्ट स्टॉप," इनाया म्हणाली. "सहीपर्यंत वाचायचं असतं ना?"

म्हणजे इअरफोन घालूनही पोरीने थॉर्पचं सगळं ऐकलं होतं.  इरशादने घडी उघडली आणि पगार तोच, टेबल तेच, असं करत सही-तारखेसकट हुकूम वाचून काढला. तो संपेपर्यंत इनाया उभी राहून ऐकत होती.