मोठी माय आणि रजिस्टरातला मामा

आमच्या घरी शेत नव्हतं. बाबा गावच्या तलावात जाळं टाकायचे. उन्हाळ्यात तलाव आटला की आई आणि मोठी माय मूल तालुक्याकडे मजुरीला जायच्या. अशा घरात मी बारावी झाले, कॉलेजात राखीव जागाही मिळाली; पण ती जात पडताळणीत अडकली.

मोठी माय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं तिनं कधी तोंडातून काढली नाहीत. तिच्या सासऱ्याचं, म्हणजे माझ्या आजोबांचं नाव सोमा. म्हणून ती सोमवारसुद्धा म्हणत नसे, 'महादेवाचा वार' म्हणे. बाबा मुद्दाम विचारत, "वयनी, बाजार कोणत्या दिशी हाये?"

"ऐतवारच्या दुसऱ्या दिशी. मोजता येत नसन तं पोरीले इचारा, भाऊजी."

आजोबांच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात बापाचा रकाना कोरा होता. पालक कवडू, नातं मामा. कवडूच्या जातीचा कागद आमच्या चुलत घराण्याकडे होता. पण पडताळणी कचेरीतले साहेब म्हणाले, "मामा म्हणजे आईकडची बाजू. वडिलांकडचा पुरावा आणा."

घरी येऊन मी ती नोंद वाचून दाखवली. मोठी माय मासोळ्या साफ करत होती. तिला हसूच आलं.

"मामा कायचा वं? बाप मेलेला. पोराले माय शाळेत घेऊन गेली असन, संगं तिचा सासरा. मास्तरनं इचारलं असन, हा कोण? ते म्हणाली असन, मामाजी. मी का म्हणो माया सासऱ्याले? मामाजीच ना. अन् नवऱ्याचं नाव तं ते घेतच नाई."

रोज कानांवर पडणारा शब्द, आणि मला तो कागदावर ओळखता आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत कचेरीत आली. साहेब दुसऱ्या मुलखातले. त्यांनी शेजारच्या कारकून बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "सर, मीपण सासऱ्यांना मामाजीच म्हणते. इकडे तसंच आहे."

साहेबांनी मान डोलावली. "मग जबाब द्या, आजी. सासऱ्यांपासून वर, एकेक नाव सांगा."

मोठी माय माझ्याकडे पाहू लागली. मी तोंड उघडलं, तर साहेब म्हणाले, "त्यांनीच सांगायला हवं."

तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "माफी करजा, मामाजी," असं पुटपुटली आणि मग साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "सोमा. सोमाचा बाप डोमा. डोमाचा बाप कवडू."

एवढ्या हिमतीचं काम मी आमच्या घरात दुसऱ्या कोणाला करताना पाहिलेलं नाही.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "नावं माया तोंडात ठेवून का करू? तुया कामी तं आली."

प्रमाणपत्र मिळालं. कॉलेजातली जागा टिकली. मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली.