ढगात सावली नसते

विमान धावपट्टीवर उतरून थांबलं तेव्हा मी चक्क टाळ्या वाजवत होते. शेजारी बसलेल्या माझ्या विद्यार्थ्याने बाहेरचं काहीही न बघता, फक्त समोरच्या तबकड्या वाचत, विमान धुळ्याच्या धावपट्टीच्या तोंडाशी आणून ठेवलं होतं, आणि तेही पहिल्याच खेपेला! ही बातमी आधी नानांना सांगायची म्हणून घाईघाईने फोन काढला, तर त्यावर अक्कांचे, म्हणजे नानांच्या पत्नीचे, चार कॉल येऊन गेलेले. नाना सकाळीच गेले होते... पारोळ्याच्या घरी, ओट्यावर, चहा पिता पिता. मी पंखाखाली उभी राहून रडले आणि मग त्या पोराचं कौतुक करायला परत गेले, कारण ते राहिलं असतं तर नाना माझ्यावरच चिडले असते.

नाना आमचे उड्डाणशिक्षक. ढगात, धुक्यात, बाहेर काही दिसत नसताना विमान कसं चालवायचं हे शिकवण्यात त्यांची हयात गेली. या सरावात विद्यार्थ्याच्या डोक्याला एक आवरण चढवतात, त्यातून फक्त तबकड्या दिसतात. सगळे त्याला हूड म्हणतात, नाना म्हणायचे झापड. "घाण्याच्या बैलाला बांधतात, ते आपण गोल फिरतोय हे त्याला कळू नये म्हणून. तुम्हाला बांधतो ते कळावं म्हणून!" जमिनीवर असेपर्यंत नाना असं स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत, पण चाकं सुटली रे सुटली की अहिराणी सुरू. खांद्यावर मोठा पांढरा रुमाल कायम. गणवेशावर रुमाल घेणारा दुसरा शिक्षक मी तरी पाहिला नाही.

मी रावेरकडच्या केळीवाल्यांची मुलगी. मी शिकत असताना परवान्याची परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि नानांनी सही केल्याशिवाय बसता येणार नव्हतं. सहीची मला काळजीच नव्हती, कारण झापड लावूनही मी विमान असं सरळ धरायची की बाकीची मुलं जळायची. त्यातलं गुपित कोणाला ठाऊक नव्हतं. लहानपणी केळीच्या बागेत सावली बघून दिशा सांगायला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिकवलं होतं. विमानातही खिडकीच्या चौकटीची सावली माझ्या मांडीवर पडायची, आणि मान झुकवली की ती आवरणाखालून दिसायची. ती सरकली की विमान वळतंय, जागेवर आहे तर सरळ. तबकड्यांकडे मी नावापुरतं बघायची आणि स्वतःला भलती हुशार समजायची!

त्या दुपारी आम्ही उत्तरेला, सातपुड्याच्या दिशेने निघालो होतो. डावीकडून ऊन, मांडीवर माझी लाडकी सावली. नानांची नजर माझ्या झुकलेल्या मानेवर गेली. मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, दोन कोपऱ्यांना गाठी मारल्या, माझ्यापुढून हात लांब करून त्या गाठी खिडकीच्या फटीत अडकवल्या आणि पुन्हा हाताची घडी घालून बसले. सावली गेली. मी म्हटलं, गेली तर गेली, विमान सरळच तर आहे. पण थोड्या वेळाने विमानाचा कल दाखवणारी समोरची सुई डावीकडे कलंडायला लागली. माझं अंग मात्र ठासून सांगत होतं की आपण सरळ आहोत... मग बिघडली असणार ती सुईच!

"नाना, सुई खराब झालीय. विमान सरळ आहे."

"शे का?" नाना म्हणाले, म्हणजे खरंच आहे का. "काढ आते झापड. देख."

मी आवरण वर केलं आणि किंचाळलेच. समोरचा अख्खा सातपुडा तिरका उभा होता! नानांनी दोन बोटांनी विमान सरळ केलं, जणू काही झालंच नाही. उतरेपर्यंत ते एकच वाक्य बोलले. "पोरी, ढगमा सावली ऱ्हास का?" ढगात कुठली सावली राहणार!

सही केली नाहीच. "परीक्षेचं नाव काढू नकोस," म्हणाले. मी हॉस्टेलच्या गच्चीवर बसून त्यांना मनात काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या खिडकीवर रुमाल. सुईवर विश्वास ठेवताना नजर सारखी मांडीकडे वळायची, आणि शेजारी हा माणूस खारे शेंगदाणे खात बसलेला. सातव्या दिवशी शेंगदाण्यांचा कागद चुरगाळून त्यांनी खिशात टाकला आणि म्हणाले, "जमनं तुले." त्या दोन शब्दांनी झालेला आनंद पुढे परवाना हातात पडल्यावरही झाला नाही.

शिक्षिका झाल्यावर एकदा खऱ्या ढगात अडकले. चहूकडे नुसतं पांढरं, आणि अंग ओरडून सांगत होतं, उजवीकडे पडतेयस, सावर! सुई म्हणत होती, सरळ आहे. मी सुईचं ऐकलं. ढगातून बाहेर आले तेव्हा गिरणा नदी खाली बरोबर जिथे हवी तिथे चमकत होती. मी एकटीच आनंदाने ओरडत होते. त्या दिवशी नानांमुळे मी जिवंत घरी आले, हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "सुईमुळे."

नानांच्या तेराव्याला अक्कांनी तो रुमाल माझ्या हातात ठेवला. धुतलेला, घडी केलेला, पण कोपरे तसेच. "ह्या गाठी सुटतस नही माय, तूच लई जा."

काल भडगावच्या एका मुलीला घेऊन वर गेले होते. शेतकऱ्याचीच पोर, चार दिवसांवर परीक्षा. झापड लावून विमान इतकं सरळ धरत होती की मला संशय आला. मान जरा जास्तच खाली... मांडीकडे. मला इतकं हसू आलं, आणि डोळेही भरून आले. मी नानांचा रुमाल काढला आणि तिच्या खिडकीला लावला. गाठी फटीत अशा बसल्या, जशा काही घरी आल्या.

थोड्या वेळाने ती खात्रीने म्हणाली, "मॅडम, सुई बिघडलीय. विमान सरळ आहे."

मी हाताची घडी घातली.

"शे का?"