मॅनिटॉलच्या ताटल्या

“हातमोजे काढ,” अध्यक्ष म्हणाले.

मी प्रयोगशाळेत, पेशी हाताळायच्या काचेच्या कपाटापुढं बसले होते. हातात बाटली. मागं पाच-सहा पाहुणे. साखर कारखान्याचे अध्यक्ष तेच, आमच्या कॉलेजचेही तेच. मी हातमोजे काढले. त्यांनी माझा पंजा धरून पाहुण्यांपुढं उलटा केला.

“बघा. कोयता धरलेले हात हायेत. हिचे आईबाप आमच्याच कारखान्याला ऊस तोडायचे. आता ही साखरेच्या आजारावर संशोधन करती.”

पाहुणे हसले. मीही हसले. ते माझं हसणं अजून सलतं. पण नोकरी त्यांनीच दिली होती. गावाला टँकर मिळत नव्हता तेव्हाही प्रयोगशाळेला पाणी कमी पडू दिलं नव्हतं. मी उपकार मानायचे. मनापासून.

काम असं होतं. मूत्रपिंडाच्या पेशी ताटलीत वाढवायच्या, त्यांना जादा साखर द्यायची, त्या किती चिवट धागे सोडतात ते मोजायचं. असे धागे साचून मधुमेह्याचं मूत्रपिंड निबर होतं. माझ्या आईचं झालंय. सोबत काही ताटल्यांत साखरेऐवजी तितकंच मॅनिटॉल, साखरेसारखंच विरघळणारं एक द्रव्य, घालायचं. ते पेशींना पचत नाही. तिथंही तेवढेच धागे निघाले, तर दोष साखरेचाच असं म्हणता येत नाही. नुसतं पाणी दाट झाल्याचाही असेल.

तेवढेच निघाले. तीनदा केलं. तिन्हीदा.

अध्यक्षांचा पुतण्या यावर पीएचडी करत होता. प्रबंध त्याचा, ताटल्या माझ्या. दोष साखरेचाच, असं त्याला त्यात मांडायचं होतं. तो म्हणाला, मॅनिटॉलची पानं वहीतून काढ, त्या ताटल्या लावल्याच नव्हत्या असं सांग. मी म्हटलं, दादा, यावर उद्या कुणी औषध शोधायला बसलं तर वाट चुकेल.

“लई शिकलीस का? काकांनी आणलं नसतं तर फडात असतीस.”

असते. फडात मोळी कमी पडली की मुकादम आईवरून शिव्या द्यायचा. पण न तोडलेला ऊस तोडला म्हण, असं त्यानंही कधी सांगितलं नव्हतं.

“पानं फाडणार न्हाई मी,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडची प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. आई म्हणाली, माफी माग, मोठी माणसं हायेत. मागितली नाही. वहीची आधीच काढून ठेवलेली नक्कल सहीनिशी विद्यापीठाला धाडली. उत्तर नाही.

प्रबंधाची तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते. त्या दिवशी मी पुढच्या रांगेत बसणार आहे. मॅनिटॉलच्या ताटल्यांचं काय झालं, ते उभी राहून विचारणार आहे. उत्तर मिळेपर्यंत खाली बसणार नाही.