पत्र्याला आंघोळ

आमच्या गल्लीत चार माणसं चहाला बसली की विषय पावसाचा निघो नाहीतर नव्या जिल्ह्याचा, गाडी शेवटी माझ्या अक्काच्या पत्र्यांवर येते. दर बैठकीत एखादा किस्सा वाढलेलाच असतो!

तो दुष्काळाचा उन्हाळा. उदगिरात नळ कोरडे, टँकर आला की पळापळ. जो तो म्हणायचा, "उदगीर जिल्हा झाला की समदं मिळंल!" अक्का नर्सच्या नोकरीतून नुकतीच रिटायर झालेली. घरावर जुने सिमेंटचे पत्रे, स्वयंपाकघरावरचे फुटलेले. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ श्वासातून आत गेली की छातीतच राहते, हे तिनं वॉर्डात पाहिलेलं.

*

दाजींनी फुटक्या पत्र्याचा तुकडा पाण्याच्या ड्रमवर झाकण म्हणून ठेवला.

"उचला ते! ताट झाका."

"ताट झाकलं तर जेवू कशात?"

दाजी त्या दिवशी पत्रावळीवर जेवले!

*

पत्रे काढायला रज्जाकभाई आले, आमचे जुने फिटर. शिडी चढून कटर मशीन लावणार, तोच अक्का खालून ओरडली, "मशीन बंद!"

"अक्का, जिंदगीभर पत्राच काटा. मेरे को क्या हुआ?"

"मग शिडीवर मधेच थांबून धापा का टाकत होता, भाईजान?"

रज्जाकभाई मशीन घेऊन खाली उतरले. अक्कानं त्यांना लातूरला छातीच्या डॉक्टरकडे नेलं. फोटोत डाग निघाले. "धुळीचं काम आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले.

उदगिरात एसटीतून उतरताना रज्जाकभाई म्हणाले, "अक्का, बिना धूल का कैसा उतारते, वो बताओ. मेरे हाताखालच्या पोट्ट्यांना खालून मैं सांगतो."

*

अक्कानं सांगितलं: धड पत्र्याला हात लावायचा नाही. फुटलेले आधी भिजवायचे, बोल्ट सोडून अख्खे उतरवायचे, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे. तोंडाला धुळीचा मास्क, साधा रुमाल चालणार नाही.

पण भिजवायला पाणी?

शेजारच्या कमलबाई कडाडल्या, "माणसाला प्यायला पाणी न्हाई, अन् तुम्ही पत्र्याला आंघोळ घालून राहिल्या?"

"भाजी धुतलेलं पाणी द्या, कमलबाई. वारा सुटला की धूळ तुमच्याच अंगणात येणार हाय."

संध्याकाळी कमलबाई घागर घेऊन दारात. मागं सारी गल्ली! कुणी तांदूळ धुतलेलं आणलं, कुणी भांडी विसळलेलं. ते गाळून, साबणाची पूड टाकून कोऱ्या फवारणी पंपात भरलं. पत्रे उतरले, पण धुळीचा लोट काही उठला नाही.

*

गुंडाळलेले पत्रे टाकायचे कुठं? अक्का नगरपालिकेच्या ऑफिसात गेली.

साहेब म्हणाले, "दम धरा बाई. जिल्हा होऊ द्या, मग बघू."

"धरायला दमच राहणार न्हाई, म्हणून तर आले!"

ती रोज जाऊन समोरच्या बाकावर बसायची. शेवटी साहेबांनी गावाबाहेर खोल खड्डा खणून दिला. जिल्हा अजून कागदावरही नव्हता!

*

पुढं मोंढ्यातल्या एका धान्यवाल्या शेठनं रज्जाकभाईंना गोदामावर बोलावलं. सिमेंटच्या पत्र्याला पाईपपुरतं भोक पाडून हवं होतं.

"शेठ, पैले पानी लाओ. भिगाए बिना मेरे पोट्टे पत्रे को हात नै लगाते."

"या दुष्काळात पत्र्यावर पाणी ओतू? राहू दे. दुसरा फिटर आणतो मी!"

रज्जाकभाईंनी पिशवी खांद्याला लावली.

"लाओ ना दुसरा, शेठ. गाव के सब फिटरां को मैंच सिखाया. उने भी पैले पानीच मांगेगा!"