सूर्यभानभाऊंच्या नावाचा ढेकूण

सूर्यभानभाऊ आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. त्यांच्याबद्दल लिहा असं मला कुणी सांगितलेलं नाही. जिथे लिहायला हवं होतं तिथे मी लिहिलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

गाव पातूरजवळचं, घर माळ्याचं. वांगी, मेथी, शेवंती यांत वाढलेला माणूस. नोकरी अमरावतीला, पण शनिवारी दुपारी अकोल्याची बस धरून घरी जायचे आणि सोमवारी मी यायच्या आत प्रयोगशाळेतली टेबलं पुसून ठेवलेली असायची. शिक्षण दहावी नापास. मी डॉक्टरेट घेऊन विभागात आले तेव्हा मला या फरकाचं फार महत्त्व वाटे.

माझा विषय ढेकूण. खाटेतले नव्हेत, झाडापानांतला रस पिणारे. जिऱ्याएवढा जीव, त्याच्या हजारो जाती, आणि एकीतून दुसरी ओळखायची तर मिशीचे चार सांधे मोजायचे, कोणता लांब, कोणता जाड ते बघायचं. सूर्यभानभाऊ झुडपाखाली उलटी छत्री धरून वर काठीने दोन टोले देत, की किडे छत्रीत पडत. मग कागदाच्या बारीक त्रिकोणाच्या टोकावर बाभळीच्या डिंकाचा ठिपका आणि त्यावर किडा. डिंक ते स्वतः भिजवत. त्यांच्यासारखा किडा चिकटवणारा मी पुण्या-मुंबईतही पाहिला नाही, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

सांगितलं ते वेगळंच. या किड्यांच्या मिशा फुंकरीनेही गळतात. एकदा वर्गासमोर त्यांच्या हातून एका नमुन्याचा पाय तुटला आणि माझा पारा चढला. "हे हात मेथी उपटायचे आहेत, सूर्यभानभाऊ. किड्यांना लावू नका," असं मी तीस पोरांदेखत म्हणाले. पोरं हसली. तेही कसंनुसं हसले आणि तुटलेला पाय चिमट्याने शोधू लागले.

त्यानंतरच्या ऑक्टोबरात त्यांनी पातूरच्या लेण्यांजवळच्या उतारावरून, मुरडशेंगेच्या झुडपावरून आणलेला एक नर माझ्या टेबलावर आला. अंग अगदी नेहमीच्या एका जातीचं, पण मिशा भलत्याच. दुसरा सांधा जाड आणि टोकाला पांढरं कडं. त्या अंगावर अशा मिशा असलेली जात कुठल्याच यादीत नव्हती. माझी बढती अडली होती, नाव होईल असं काही हाती लागत नव्हतं, आणि समोर नवी जात बसली होती.

मिशीच्या बुडाशी काहीतरी चकाकत होतं. मी भिंगाची ताकद वाढवून पाहिलं. डिंक होता. दोन्ही मिशांच्या बुडाशी, सारखाच.

त्यावर कोमट पाण्याचा एक थेंब टाकला असता तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. मी थेंब टाकला नाही. चिकटवताना उडाला असेल, असं मनाला सांगितलं आणि भिंग खाली उतरवलं. जात पक्की करायला नराच्या पोटातले अवयव उघडून बघायचा नियम आहे. एकुलता एक नमुना कशाला खराब करा, म्हणून तेही उघडले नाहीत. निबंध छापून आला. शोधणाऱ्याचा मान म्हणून मी जातीला 'सूर्यभानी' नाव दिलं. मेथीचं बोलणं मनात डाचत होतं, त्याचीही परस्पर फेड होईल असा हिशेब त्यात होता.

पुढची अकरा वर्षं सूर्यभानभाऊ सुटीच्या दिवशी छत्री घेऊन त्या उतारावर जात. दुसरा नमुना कधी मिळाला नाही. "यंदाबी नाही भेटला, मॅडम," असं सोमवारी सांगत, मान खाली घालून. मी "राहू द्या" म्हणे. त्यांची चिकाटी बघून मला बरं वाटे.

निवृत्तीच्या आठवडाभर आधी ते माझ्या खोलीत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. असं ते कधी करत नसत.

"मॅडम, थ्या ढेकणाले माहं नाव देलं तुमी. थे काढून टाका. थ्या मिशा थ्याच्या नाहीत. म्याच चिकटवल्या."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"डबीचं झाकण लावता लावता दोनई तुटल्या. लय शोधल्या, सापडल्या नाही. मंग फेकायच्या किड्यायची डबी होती, थ्यातल्या येकाच्या काढल्या अन् लावून देल्या. तुमी रागावसान म्हून."

"मग नंतर का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो. तं तुमी समद्यायले पेढे वाटले. मंग थ्या कागदात माहं नाव आलं. माह्या बायकोनं, पार्बतानं, थो कागद देवापाशी ठेवला. पोरीनं शाळेत नेऊन दाखवला. मंग जीभच नाही उचलली, मॅडम. म्हटलं शोधून पाहू, येखांद्या वक्ती खराखुरा भेटला तं खोटं राहणार नाही."

तेव्हा म्हणायला हवं होतं, भाऊ, डिंक मला दिसला होता. एवढंच वाक्य. माझ्या तोंडून निघालं ते असं : "अकरा वर्षं तुम्ही मला फसवलंत."

त्यांनी हात जोडले. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा माणूस माझ्यासमोर हात जोडून उभा होता आणि मी ते जोडू दिले.

मी कपाटातून नमुना काढला. कोमट पाणी त्यांनीच आणलं. ब्रशने एक थेंब सोडला, आणि आम्ही दोघं पाळीपाळीने भिंगातून बघत राहिलो. मिशा आधी सैल झाल्या, मग एकेक करून कागदावर उतरल्या. उरला तो कपाशीपासून मुरडशेंगेपर्यंत कुठेही सापडणारा साधा ढेकूण.

निरोपाच्या कार्यक्रमात प्राचार्य किड्याचं सांगायला निघाले होते. मी त्यांना आधीच थांबवलं. शाल, श्रीफळ झालं. सूर्यभानभाऊ दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले.

मग ज्या नियतकालिकात निबंध आला होता त्याला मी दुरुस्ती पाठवली. पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं : वर्णन करताना मिशीच्या बुडाशी डिंक दिसला होता, तरी लेखिकेने दुर्लक्ष केलं. ते मी तीनदा वाचलं आणि खोडलं. छापून आल्या त्या चार ओळी. नमुना चिकटवताना मदतनिसाकडून झालेल्या चुकीमुळे ही जात रद्द समजावी. मदतनिसाचं नाव मी घातलं नाही. घालायची गरजच नव्हती. ते जातीच्या नावातच होतं.

महिन्याभराने त्यांचा गावाहून फोन आला. मुलगी वर्षाली अकोल्याला एमएस्सी करते. तिने ती दुरुस्ती शोधून त्यांना वाचून दाखवली होती. मी फोन कानाला लावून उभी राहिले. शिव्या दिल्या असत्या तर घेतल्या असत्या.

"बरोबर लिवलं, मॅडम," ते म्हणाले. "चूक माहीच होती. फक्त येक विचाराचं होतं. तुमच्यावर तं काही आलं नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग बरं झालं," ते म्हणाले, आणि घरी सगळे बरे आहेत का ते विचारू लागले.