साखर वाटली तो रविवार

तीस एप्रिल १९६०, शनिवार. परळच्या आमच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी काचेच्या नळ्या धुऊन उलट्या लावत होते. डॉक्टरीणबाई दारात आल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून उभ्या राहिल्या. मला राहवेना.

"बाई, आज मध्यरात्री आपला महाराष्ट्र होतोय!"

"छापून आलंय का?"

नळीतला ब्रश न सोडता मी कोपराने टेबलावरचं वर्तमानपत्र पुढे ढकललं. त्यांनी मथळा वाचला. "मग खरं," म्हणाल्या, आणि उद्याच्या सुया तपासायला निघून गेल्या.

असं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. माझ्या पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं, बाईंनी विचारलं, "पत्रिका छापल्या?" मी एकदा वैतागून म्हटलं, छापलेलं सगळंच खरं असतं का? "नसतं," त्या म्हणाल्या, "पण छापलं की दहा जण तपासायला येतात. बोललेलं हवेत जातं."

मधुमेहावरचे त्यांचे छापील लेख ठेवून ठेवून कपाटाचा एक खण भरला होता. विलायतेहून एखादा लेख परत आला की त्या लिफाफा उभ्या उभ्या फोडायच्या, परीक्षकांचे आक्षेप वाचायच्या, "बरोबर विचारलंय मेल्यांनी!" म्हणायच्या आणि टाइपरायटरवर नवा कागद चढवायच्या. रडणं, रुसणं काही नाही. मला हे फार आवडायचं.

त्या वर्षीचा लेख मात्र त्यांच्या जिवाचा होता. गिरणीत पाळी बदलली की मधुमेही कामगारांच्या रक्तातली साखर कशी बदलते, हे त्या काही वर्षं पाहत होत्या. विलायतेच्या मासिकाने लेख जवळजवळ घेतला होता. फक्त त्याच माणसांची उपाशीपोटी आणखी एक तपासणी मागितली होती. गिरण्या रविवारी बंद, म्हणून आमची तपासणी रविवारीच. त्यात मे महिना. आठवड्याभरात निम्मे कामगार बोटीने कोकणात जाणार, ते परत येईपर्यंत बाई निवृत्त होणार आणि प्रयोगशाळा दुसऱ्याच्या हाती जाणार. एक मेचा रविवार हुकला की लेख हुकला.

त्या रात्री आमची काळाचौकी झोपली नाही. सकाळी मी ताशांच्या आवाजातून, गुलाल चुकवत इस्पितळात पोचले, तरी पदर लाल झालाच. रांग लागलेली होती. एकही माणूस गैरहजर नव्हता! बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी पहिला दंड बांधला तो गिरणीत कापड विणणाऱ्या साचेखात्यातल्या तात्यांचा. तात्या मालवणकडचे.

"तात्या, काही खाल्लंत?"

"काय्येक नाय. चाय पन घेवक नाय."

"मग मिशीला काय लागलंय?"

तात्यांनी मिशी चाचपली. "ती साखर. नाक्यार कोणीतरी हातार ठेवल्यान. ता काय खाणा, बाय? तोंड गोड केलंय."

"आणि पेढा?"

"तो पन तसोच."

मागच्या रांगेने माना डोलावल्या. सगळ्यांनी तोंड गोड केलं होतं, आणि कुणीही काही खाल्लं नव्हतं! मला हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तात्यांच्या दंडाची पट्टी सोडली.

आमचे तरुण डॉक्टर हळूच म्हणाले, "बाई, चिमूटभर साखर ती. उपाशी म्हणूनच लिहू या. विलायतेत कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल. आणि छापून आलं की लोक खरं मानतील, डॉक्टर. मी मानते ना!"

मग त्या रांगेकडे वळल्या. "आज तपासणी नाही. घरी जा, मजा करा." आवाज नेहमीचा होता, पण स्वच्छ चष्मा त्या पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

तात्या हलले नाहीत. "म्हंजे आमच्या साखरेन तुमचा काम नासला?"

"नासलं नाही. राहिलं."

तात्यांनी रांगेकडे तोंड केलं. "ऐकलास मा? उद्या सकाळच्या भोंग्याआधी सगळ्यांनी हय येवचा! रात्री जेवल्यार तोंडात काय घालूचा नाय!"

"आणि कोणी पेढो दिल्यान तर?" मागून आवाज आला.

"खिशात घाल, मेल्या!"

हशा झाला. तात्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून बाईंपुढे धरली. "तुमचा रगत कोण तपासूचा नाय. घेवा." प्रयोगशाळेत गोडाचं नाव काढू न देणाऱ्या बाईंनी अख्खा पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "आणखी आहे?"

लेख आला तेव्हा बाई निवृत्त होऊन गिरगावात राहत होत्या. मी अंक घेऊन गेले, दारातूनच ओरडले, "छापून आलंय!" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. आता त्या नाहीत. कुठलीही बातमी कानावर आली की तो प्रश्न मीच विचारते, आणि घरचे हसतात.

पण लेखापेक्षा मला सोमवार आठवतो. दोन मेला मी अंधारातच उठले, चहाचं आधण न ठेवता निघाले. इस्पितळाच्या जिन्यापासून फाटकापर्यंत रांग होती. कपाळावर कालचा गुलाल, खिसे फुगलेले, तोंडं घट्ट मिटलेली. वरच्या पायरीवर बाई उभ्या होत्या.

"काही खाल्लंत?"

तोंड न उघडता सगळ्यांनी माना हलवल्या. मी कुलूप काढलं आणि सुया उकळायला ठेवल्या.